जात्यापासून मिक्सरपर्यंत : हातकणंगले परिसरातील वाटणाची साधने, त्यांची जपणूक आणि त्यांचे शब्द

स्वयंपाकघरात वाटण्या-दळण्यासाठी वापरावयाचे लहान विद्युत्-यंत्र कसे हाताळावे, आणि काम झाल्यावर ते कोठे व कसे ठेवावे, हा प्रश्न सामान्यतः गृहविज्ञानाच्या कक्षेतील मानला जातो. परंतु या प्रश्नाला इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा बराच भाग भाषेत साठून राहिला आहे. जे साधन एखाद्या समाजात दीर्घकाळ वापरात असते, त्याच्या प्रत्येक अवयवाला नाव मिळते, प्रत्येक क्रियेला क्रियापद मिळते आणि त्याच्यापासून संभवणाऱ्या इजेविषयी विधिनिषेध तयार होतात. हे विधिनिषेध लेखी नसतात. नावे, म्हणी व शिष्टाचार यांच्या आधारे ते एका पिढीकडून दुसरीकडे जातात. नवे साधन जेव्हा नावांवाचून घरात येते, तेव्हा हा आधार तुटतो. प्रस्तुत निबंधात या दृष्टीने जाते, पाटा, विळी आणि मिक्सर यांचा क्रमाने विचार केला आहे.

या विवेचनासाठी कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुका सोयीचा आहे. उत्तरेस वारणा, दक्षिणेकडे पंचगंगा, आणि पलीकडे थोड्याच अंतरावर कानडी मुलूख, अशी त्याची स्थिती आहे. कोल्हापूर संस्थानाच्या काळात हा विभाग आळते या नावाने ओळखला जाई. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. मिरज-कोल्हापूर लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला आणि हातकणंगले हे त्यावरील एक स्थानक झाले. याच तालुक्यात इचलकरंजीचे यंत्रमाग आहेत, हुपरीची चांदीची कारागिरी आहे आणि शिरोलीची औद्योगिक वसाहत आहे. त्याचबरोबर उन्हाळ्यात वर्षाची चटणी कुटून ठेवणारी घरेही आहेत. कारखान्यातील यंत्र आणि घरातील यंत्र ही दोन्ही ज्याच्या नित्य परिचयाची आहेत, असा हा प्रदेश आहे.

१. ‘यंत्र’ आणि ‘जाते’

प्रथम एक व्युत्पत्ती ध्यानात घेणे आवश्यक आहे. मराठी ‘जाते’ हा शब्द संस्कृत ‘यन्त्र’ या शब्दापासून प्राकृत ‘जंत’ या रूपातून आला आहे. हिंदीतील ‘जाँता’ हा त्याचाच बंधू होय. म्हणजे जाते हेच मराठी घरातील मूळचे ‘यंत्र’. पुढे तत्सम ‘यंत्र’ हा शब्द मराठीत पुन्हा घेतला गेला आणि तो नव्या साधनांना लागला. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला शक्तीवर चालणारा माग आणला, त्या जातीच्या मागाला मराठीने ‘यंत्रमाग’ म्हटले. एकाच शब्दाची दोन रूपे, एक दगडी आणि एक लोखंडी, अशा रीतीने शेजारी शेजारी नांदू लागली.

‘यन्त्र’ या शब्दाचा धातू ‘यम्’ हा आहे, आणि त्याचा अर्थ आवरणे, धरून ठेवणे असा आहे. वैदिक भाषेत ‘यन्त्र’ म्हणजे बांधून अगर आवरून धरण्याचे साधन. गती उत्पन्न करणे हा अर्थ त्यात मुळात नाही. गतीला आवर घालणे हा आहे. साधनाच्या सुरक्षिततेचा विचार करताना हा मूलार्थ विसरता येत नाही.

इतर शब्दांची परंपराही तितकीच जुनी आहे. ‘उखळ’ हा ‘उलूखल’ या शब्दापासून आला असून ‘उलूखल’ ऋग्वेदाच्या पहिल्याच मंडलात आढळतो. काही अभ्यासकांनी त्याचा संबंध मुसळवाचक द्राविडी शब्दांशी, उदाहरणार्थ तमिळ ‘उलक्कै’शी, जोडला आहे. ‘पाटा’ हा ‘पट्ट’ या शब्दाचा वंशज, ‘पाते’ हा ‘पत्र’ या शब्दाचा. ‘दळणे’ हे क्रियापद ‘दल्’ म्हणजे फोडणे, विदारणे या धातूचे. ‘कुटणे’ हे ‘कुट्ट्’ या धातूचे. आणि ‘वाटणे’ हे व्युत्पत्तिकारांच्या मते ‘वृत्’ म्हणजे फिरणे या धातूच्या प्रयोजक रूपाशी संबद्ध आहे. दगडाखाली दाणा फुटतो तेव्हा दळण, मुसळाने टरफल निघते तेव्हा कांडण, पाण्यासह पाट्यावर वरवंटा फिरतो तेव्हा वाटण. याखेरीज भरडणे, रगडणे, ठेचणे, घुसळणे ही क्रियापदे आहेतच. मोल्सवर्थ यांचा कोश १८३१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला आणि १८५७ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. जाते, पाटा, वरवंटा, उखळ, मुसळ, विळी हे शब्द त्यात नोंदले गेले आहेत.

साधनांचा भौतिक पुरावाही या क्रमाशी विसंगत नाही. ताम्रपाषाणयुगीन वसाहतींत पाट्याच्या जातीचे सपाट दगड मिळतात. वरची पाळी खुंट्याने फिरवावयाचे जाते त्यानंतरचे. ह. धी. सांकळिया यांनी फिरत्या जात्यांच्या प्रश्नाचा १९५९ मध्ये स्वतंत्र विचार केला होता. त्यांनीच मो. गं. दीक्षित यांच्यासह १९४५-४६ मध्ये कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीचे उत्खनन केले होते.

२. जपणुकीचे विधिनिषेध

गृहस्थाच्या घरातील साधने इजा करतात, ही जाणीव प्राचीन आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाची पाच ‘सूना’, म्हणजे हिंसास्थाने, सांगितली आहेत. त्यांत चूल, केरसुणी व पाण्याचा घडा यांबरोबर पेषणी आणि कंडनी, म्हणजे दळण्याचे व कांडण्याचे साधन, यांचा समावेश आहे. तेथे चिंता आहे ती दगडाखाली सापडणाऱ्या सूक्ष्म जीवांची, आणि तिचे परिमार्जन पंचमहायज्ञांनी होते असे मानले आहे. हातकणंगले तालुक्यात कुंभोजजवळ बाहुबली हे जैनांचे प्रसिद्ध क्षेत्र आहे आणि शेतकरी जैन समाजाची वस्ती मोठी आहे. अशा घरांत धान्य निवडून, दगड झाडून मगच दळावयाचे, या दक्षतेमागे अहिंसेची प्रेरणा होती. जीव वाचविण्यासाठी घातलेल्या या नियमाने पीठही स्वच्छ राहिले आणि दगडही राखला गेला.

लोकव्यवहारातील निषेध याहून अधिक थेट आहेत. रिकामे जाते फिरवू नये, असे म्हणतात. कारण सांगितले जाते ते अशुभाचे. वस्तुस्थिती अशी की दाण्यावाचून फिरविलेले जाते दगडावर दगड घासते, टाकीचे दात बोथट होतात आणि कच पुढच्या पिठात उतरते. कात्री रिकामी वाजवू नये, घरात भांडण होते, हा निषेध तर अजून सर्वश्रुत आहे. धारेची वस्तू हातात देऊ नये. ती खाली ठेवावी आणि दुसऱ्याने उचलावी. विळी ओलांडू नये. पाट्यावर, उखळावर बसू नये. या प्रत्येक निषेधाला शकुनाचे आवरण आहे आणि प्रत्येकाच्या आत बोट, पाय किंवा धार यांच्या रक्षणाचा व्यवहार आहे. ज्या मुलाला धारेचे गणित समजावून सांगता येत नाही, त्याला भांडणाची भीती सांगता येते.

विळीचे उदाहरण विशेष बोलके आहे. कोल्हापूरकडील बोलीत आरंभीच्या ‘वि’मधील ‘व’ लोपतो आणि ‘विळी’ची ‘इळी’ होते. ‘इळा मोडून खिळा केला’ या म्हणीत हेच रूप दिसते. सुरीत हात चालतो आणि पदार्थ स्थिर असतो. विळीत पाते स्थिर असते आणि पदार्थ धरलेले दोन्ही हात त्याच्याकडे जातात. म्हणून काम संपताच पाते पाटावर मिटवावयाचे, न मिटणारी विळी असेल तर ती आडवी करून भिंतीकडे धार येईल अशी ठेवावयाची, हा शिष्टाचार ठरला. उभी राहिलेली विळी हे घरातील गैरशिस्तीचे लक्षण मानले जाई. वापर आणि साठवण या दोन गोष्टी येथे वेगळ्या नाहीत. काम पूर्ण झाले याचा अर्थच साधन मिटले असा होता.

या साधनांना घराबाहेरचा एक जाणकारही होता. वडार समाजातील जाते-वडार अगर पाथरवट गावोगाव फिरून जात्या-पाट्यांना टाकी लावीत. त्यांची घरची बोली तेलुगूशी संबद्ध आणि आरोळी मात्र मराठी. दगड किती झिजला, खुंटा सैल आहे काय, वरची पाळी एका बाजूस ओढते काय, हे तो पाहून सांगे. साधनाची तपासणी अशा रीतीने फिरत्या कारागिराच्या फेरीबरोबर ठराविक काळाने घडून येई.

संस्कारांनीही या वस्तूंना स्थान दिले. लग्नात घाणा भरताना मुसळांना आंब्याची पाने बांधतात व जात्याला हळद लावतात. पाचवीला पाटा-वरवंट्याची पूजा होते. बारशाला वरवंट्याला कुंची घालून त्याचा ‘गोप्या’ करतात आणि तान्ह्या मुलाच्या आधी तो पाळण्याखालून-वरून फिरवितात. जात्यावरील ओव्यांचा प्रचंड संग्रह हेमा राईरकर आणि गी प्वात्व्हँ यांच्या प्रयत्नाने झाला. त्यातील ओव्यांची संख्या एक लाखाच्या घरात जाते. त्या ओव्या पहाटेच्या श्रमाच्या साक्षी आहेत. तो श्रम कष्टाचा होता, आणि त्याचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. येथे एवढेच नोंदवावयाचे की दळणारी स्त्री एकटी नसे. जात्यावर बहुधा दोघी बसत, आणि त्यांपैकी एक वयाने मोठी असे. शिक्षण तेथेच होई.

३. शक्ती प्रथम घराबाहेर गेली

दगडी जात्याच्या जागी एकदम मिक्सर आला असे नाही. मधला एक टप्पा आहे आणि तो महत्त्वाचा आहे. तेलाच्या इंजिनावर व पुढे विजेवर चालणारी पिठाची गिरणी गावात आली. चटणी-मसाल्यासाठी कांडप यंत्र आले. धान्य व मिरची घराबाहेर जाऊ लागली. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ स्थापन झाल्यानंतर ग्रामीण विद्युतीकरणास गती मिळाली आणि हा बदल दूरवर पोचला.

या टप्प्यात गतिमान यंत्र एका जाणत्या माणसाच्या ताब्यात होते. गिरणीवाला पट्ट्याजवळ मुलांना येऊ देत नसे. कारखान्यांच्या बाबतीत तर १९४८ च्या कारखाना अधिनियमाने फिरत्या भागांना कुंपण घालण्याचे बंधन २१ व्या कलमात घातले. शेतीतील मळणी यंत्रांनी हात तुटण्याचे प्रकार वाढल्यावर १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा स्वतंत्र अधिनियम झाला. यंत्रमागावर काम करणाऱ्या इचलकरंजीच्या कामगाराला उडणाऱ्या धोट्याचे भय ठाऊक होते आणि त्याविषयी बोलावयास त्याच्याजवळ ‘धोटा’ हा स्वतःचा शब्द होता.

परंतु याच काळात घरातील जाते माळ्यावर अगर अंगणात गेले. दळण्याची क्रिया घरातून गेली तशी तिची शिकवणही गेली. म्हणून जेव्हा शक्ती पुन्हा घरात शिरली, तेव्हा तिला भेटणारी पिढी ही जात्याचे नियम न शिकलेली अशी होती.

४. मिक्सरचे आगमन

पेल्याच्या तळाशी फिरते पाते बसविण्याची कल्पना अमेरिकेतील स्टीफन पोप्लॉस्की यांनी १९२२ मध्ये अमलात आणली. १९३७ मध्ये फ्रेड वेअरिंग यांच्या नावाने असे यंत्र बाजारात प्रसिद्धीस आले. पेयांसाठी केलेले हे यंत्र होते. फ्रान्समध्ये प्येर व्हेर्दाँ यांनी उपाहारगृहांसाठी चिरणारे व मळणारे यंत्र तयार केले आणि त्याचे घरगुती रूप १९७१ मध्ये आले. पुढे त्यालाच सर्वत्र ‘फूड प्रोसेसर’ म्हणू लागले.

भारतीय वाटणाला ही यंत्रे पुरी पडणारी नव्हती. सुके खोबरे, हळकुंड, भिजवलेली डाळ यांचा भार पेयांच्या मोटरीला सोसत नाही. सीमेन्स या कंपनीत अभियंता असलेले सत्यप्रकाश माथुर यांच्या घरातील ब्राउन या जर्मन कंपनीचा मिक्सर बंद पडला. त्यांच्या पत्नी माधुरी यांच्या अडचणीतून अधिक शक्तीच्या मोटरीचा ‘सुमीत’ मिक्सर १९६३ मध्ये निघाला. ‘सुमीत’ म्हणजे चांगला मित्र. भारतीय भाषेतील नाव यंत्राला मिळाले. त्याच्या अवयवांना मात्र मिळाले नाही. जार, ब्लेड, कपलर, गॅस्केट, ओव्हरलोड स्विच हे शब्द इंग्रजी पत्रकातून जसेच्या तसे राहिले, आणि पत्रक खोक्याबरोबर माळ्यावर गेले.

५. काय बदलले, आणि कोणते नियम निघतात

हाताच्या साधनात माणूस थांबला की साधन थांबते. दळणारीचा उजवा हात खुंट्यावर असतो आणि डावा घास घालतो. दोन्ही एकाच मनाच्या ताब्यात. मिक्सरमध्ये हा संबंध सुटतो. पाते मिनिटाला अनेक हजार फेरे घेते, आणि बटण बंद केल्यावरही क्षणभर स्वतःच्या वेगाने फिरत राहते. शिवाय बटण चुकून सुरू होऊ शकते. म्हणून पहिला नियम असा की भांड्यात हात, चमचा अगर उलथने घालण्यापूर्वी पाते पूर्ण थांबलेले पाहावे आणि पिन भिंतीतून काढावी. भांडे बसविणे व उतरविणे हीदेखील पिन काढलेल्या अवस्थेतच करावयाची कामे होत.

दुसरा नियम लोटण्याचा. फूड प्रोसेसरच्या नळीतून गाजर, कोबी ढकलण्यासाठी दिलेल्या ठोकळ्याला मराठीत ‘दट्ट्या’ हा शब्द तयारच आहे. सोऱ्यातून चकली पाडणारीला तो सांगावा लागत नाही. बोटांनी सोऱ्यात कणीक कोणी दाबत नाही, तद्वत् नळीतही बोट घालावयाचे नसते.

तिसरा नियम झाकणाचा. झाकण नीट बसल्याखेरीज सुरूच न होणारी रचना फूड प्रोसेसरमध्ये बहुधा असते. पुष्कळ साध्या मिक्सरांत ती नसते आणि झाकण हाताने दाबून धरावे लागते. ‘यम्’ धातूचा मूलार्थ येथे प्रत्यक्षात उतरतो : जे आवरते ते यंत्र. ही रचना निरुपयोगी करून काम भागविणे म्हणजे यंत्राचे यंत्रपण काढून टाकणे होय. गरम आमटी अगर तांबड्या रश्श्याचे शिजवलेले वाटण भांड्यात घातल्यास वाफेच्या दाबाने झाकण उडते. ते निवू द्यावे आणि भांडे दोनतृतीयांशाहून अधिक भरू नये. सुकी मिरची फिरविल्यावर झाकण लगेच उघडल्यास उडालेली भुकटी डोळ्यांत व घशात जाते; ती बसू द्यावी.

चौथा नियम भाराचा. रिकामे जाते फिरवू नये हा जुना निषेध येथे शब्दशः लागू पडतो, आणि त्याची दुसरी बाजूही लागू पडते : जात्याला एका वेळी फार घास घालत नाहीत. भार वाढल्यास मोटर तापते; तळाशी असलेले सुरक्षा-बटण बाहेर येऊन प्रवाह तोडते. ते लगेच दाबून पुन्हा सुरू करू नये; भार कमी करावा, मोटर निवू द्यावी. यंत्रावर सलग चालविण्याची मर्यादा लिहिलेली असते, तिला मान द्यावा. घरगुती विद्युत् मिक्सरसाठी भारतीय मानक ४२५० ठरलेले आहे. खरेदीच्या वेळी मानकाचे चिन्ह आणि भूसंपर्कासह तीन टोकांची पिन पाहणे, हे पूर्वी टाकारलेला दगड पाहून घेण्यासारखेच आहे.

पाचवा नियम साठवणीचा, आणि येथे विळीचा धडा सर्वांत उपयोगी पडतो. विळी मिटते, मिक्सरचे पाते मिटत नाही. फूड प्रोसेसरचे सुटे पाते साबणाच्या पाण्यात इतर भांड्यांबरोबर टाकल्यास ते दिसत नाही, आणि भांडी घासणारीचा हात त्यावर जातो. ही भांडी घासणारी स्त्री पुष्कळदा घरची नसते, आणि तिला कोणी पत्रक वाचून दाखविलेले नसते. सुटे पाते मधल्या दांड्याशी धरून उचलावे, वेगळे धुवावे, पुसावे, आणि त्याच्या डबीत अगर भांड्यातच झाकण लावून ठेवावे. खणात चमच्यांबरोबर ठेवू नये. मोटरीचा भाग पाण्यात बुडवू नये, ओल्या फडक्याने पुसावा. दोरी करकचून न आवळता सैल गुंडाळावी, म्हणजे आतली तार तुटत नाही. आणि ती ओट्यावरून लोंबती ठेवू नये, कारण रांगते मूल ती ओढते. जड यंत्र डोक्यावरच्या फळीवर न ठेवता कमरेच्या उंचीवर ठेवावे.

सहावा नियम तपासणीचा. जाते-वडाराची फेरी संपली, तिची जागा कोणी घेतली नाही. पात्याला तडा, सैल झालेला कपलर, कडक झालेली रबरी कडी यांकडे आता घरच्यांनीच पाहावयास हवे. ही दक्षता किती आवश्यक आहे हे अमेरिकेतील एका प्रसंगावरून दिसते. डिसेंबर २०१६ मध्ये क्विझिनार्ट या नावाच्या फूड प्रोसेसरची सुमारे ८० लाख पाती परत मागविण्यात आली. रिव्हेटने जोडलेल्या त्या पात्यांना तडे जाऊन धातूचे तुकडे अन्नात येत होते. अशा ६९ तक्रारींपैकी ३० मध्ये तोंडास अगर दातांस इजा झाली होती. अन्नात उतरणारी दगडाची कच आणि अन्नात उतरणारा पोलादाचा तुकडा, यांत धोक्याचे स्वरूप एकच, तीव्रता मात्र वेगळी.

६. शब्दांचे कार्य

मिक्सरने क्रियापदांचा संकोच केला, हे खरे आहे. दळणे, कुटणे, भरडणे, वाटणे यांच्या जागी ‘मिक्सरमधून फिरवणे’ किंवा ‘मिक्सरला लावणे’ हा एकच प्रयोग रूढ होत आहे. कोल्हापूरकडील खर्डा हा ओबडधोबड राहिला तरच खर्डा; सलग फिरविल्यास त्याचे वाटण होते. थांबत थांबत फिरविण्याचे बटण यंत्रात असते, पण त्या क्रियेला सर्वमान्य मराठी नाव नसल्याने ते पुष्कळ घरांत वापराविना राहते. मोटर तापण्याचे एक कारण हेही आहे.

तथापि भाषा स्वस्थ बसलेली नाही. ‘चटणीचे भांडे’ हा लहान जारसाठी रूढ झालेला शब्द स्त्रियांनी घडविला आहे, आणि तो उपयोगावरून घडविला असल्यामुळे त्यात मोजमापही आले आहे : त्यात चटणीपुरतेच घालावयाचे. ओल्या वाटणाचे व सुक्या दळणाचे भांडे वेगळे ठेवण्याने ‘वाटणे’ व ‘दळणे’ हा जुना भेदही टिकला आहे. ‘पाते’, ‘झाकण’, ‘दट्ट्या’, ‘दोरी’ हे शब्द उपलब्ध आहेतच. नवे शब्द पाडण्यापेक्षा हे शब्द यंत्राच्या पत्रकांत, शाळेच्या पुस्तकांत आणि दुकानदाराच्या तोंडी येणे अगत्याचे आहे. कारण ‘ब्लेड’विषयी सूचना ऐकणाऱ्या मुलीपेक्षा ‘पाते’ मिटवावयास शिकलेल्या मुलीला धारेची जाणीव अधिक लवकर होते.

सारांश, हातकणंगले परिसरातील जुन्या साधनांची सुरक्षितता दगडात नव्हती. ती नावांत, निषेधांत, फिरत्या कारागिरात आणि शेजारी बसलेल्या वडीलधारीत होती. त्या साधनांकडे परत जाणे शक्य नाही आणि इष्टही नाही; मिक्सरने स्त्रीची पहाट मोकळी केली आहे. परंतु जाते घराबाहेर जाताना जी शिकवण त्याच्याबरोबर गेली, ती मिक्सरसाठी नव्याने, मराठी शब्दांत सांगावी लागेल. घरगुती यंत्रांच्या अवयवांची व क्रियांची बोलीनिहाय शब्दसूची करणे हे त्या दिशेने भाषाविभागांना करता येण्याजोगे पहिले काम आहे. तिचा उपयोग कोशकाराला होईल, आणि भांडी घासणाऱ्या हातांनाही होईल.